वाढत्या अंगाचा ग्लोव्ह घेऊ नका : तलवारबाजीचा हातमोजा निवडताना

दर वर्षी जूनमध्ये हे घडतं. शाळा सुरू होतात, नवी मुलं तलवारबाजीला येतात, पहिले काही आठवडे हॉलमधल्या सामायिक ग्लोव्हवर निघतात आणि मग एका संध्याकाळी एखादे बाबा पिशवीतून कोरा ग्लोव्ह काढून दाखवतात. "ताई, एक साइज मोठाच घेतला. वाढत्या अंगाचा. दोन वर्षं तरी बघायला नको."

मी मुलीला ग्लोव्ह घालायला सांगते आणि तिच्या तर्जनीचं टोक माझ्या चिमटीत धरते. बोट संपतं, आणि पुढे बोटाच्या अर्ध्या पेराएवढं रिकामं कापड हाताला लागतं. मग तिच्या हातात फॉइल, म्हणजे हलकी तलवार, देते, पॅरी फोर आणि पॅरी सिक्स हे वार अडवायचे दोन प्रकार आलटून पालटून दहा वेळा करायला लावते आणि तिच्या कोपराखालच्या स्नायूवर बोट ठेवते. दहाव्या वेळेपर्यंत तो स्नायू लाकडासारखा झालेला असतो. तीच मुलगी हॉलमधला जुना, विटलेला पण मापाचा ग्लोव्ह घालते तेव्हा तो स्नायू मऊ राहतो. बाबांना वेगळं समजवावं लागत नाही. मी त्यांचंच बोट तिथे ठेवते.

युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घ्यावा, स्वेटर घ्यावा, पावसाळी बूटही एक वेळ चालतील. ग्लोव्ह नाही. मी स्वतः बरीच वर्षं फॉइल खेळले आणि आता नाशिकमध्ये मुलांना शिकवते. इतक्या वर्षांत ग्लोव्हबद्दल जे पक्कं कळलं ते एवढंच, की चांगल्या ग्लोव्हमुळे हात शस्त्र सैल धरू शकतो. ग्लोव्ह हातात किंवा हँडल ग्लोव्हमध्ये जराही सरकलं, की हात आपोआप मूठ आवळतो. मूठ आवळली की मनगट बांधलं जातं, अंगठा आणि तर्जनीने टोक फिरवायचं काम खांद्याकडे जातं आणि तिसऱ्या बाऊटपर्यंत, म्हणजे लढतीपर्यंत, हात जड होतो. आमच्याकडे दिंडोरीहून येणाऱ्या एका मुलाला हे पहिल्या दिवशी कळलं. त्याने घरच्या बागेत द्राक्षाच्या घडांचं थिनिंग, म्हणजे मण्यांची विरळणी, केलेलं होतं. दिवसभर कात्री चालवायची तर ती आवळून चालत नाही, दुपारपर्यंत बोटं जातात. फॉइलचंही तसंच आहे, म्हटल्यावर त्याची पकड त्याच दिवशी सुधारली.

आधी शस्त्र, मग ग्लोव्ह

दुकानदाराला किंवा वेबसाइटवर नुसतं 'फेन्सिंग ग्लोव्ह' म्हणून चालत नाही. फॉइल, ईपी आणि सेबर या तलवारबाजीतल्या तीन शस्त्रांच्या ग्लोव्हकडून अपेक्षा वेगळ्या असतात.

फॉइलचं वजन ५०० ग्रॅमच्या आत असतं आणि त्याचं गार्ड, म्हणजे मुठीपुढची वाटी, लहान, जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर व्यासाचं. त्या वाटीत तुमची बोटं, हँडल, आतली गादी आणि शस्त्र गुण नोंदवणाऱ्या यंत्राला जोडणाऱ्या बॉडी वायरचा प्लग एवढं सगळं मावायचं असतं. त्यामुळे फॉइलसाठी बोटांवर जाड गादी असलेला ग्लोव्ह घेऊ नका. पेरं गार्डला घासतात, प्लग टोचतो आणि बोटांना हलायला जागा उरत नाही. फॉइलमध्ये हात हे लक्ष्यही नाही. टच, म्हणजे गुण देणारा स्पर्श, छाती-पोट-पाठीवर मोजला जातो, म्हणून हाताला चिलखत लागत नाही.

ईपीत उलट. तिथे पायाच्या बोटापासून मास्कपर्यंत सगळं अंग लक्ष्य आहे आणि प्रतिस्पर्ध्याला सगळ्यात जवळ तुमचा शस्त्राचा हातच पडतो. अंगठ्याच्या पाठीवर आणि मनगटाच्या वर टोक बसतं, आणि ते लागतं. ईपीचं गार्ड मोठं, १३.५ सेंटिमीटरपर्यंतचं असतं, त्यामुळे हाताच्या पाठीला हलकी गादी असलेला ग्लोव्ह त्यात सहज मावतो. शस्त्र ७७० ग्रॅमपर्यंत जड असू शकतं, म्हणून तळवा न सरकणारा हवा. गादी मात्र पाठीकडेच हवी, तळव्याकडे नको. तळव्याला जाडी आली की हँडलची जाणीव जाते.

सेबरचा ग्लोव्ह हा वेगळाच प्रकार. त्याच्या कफावर, म्हणजे मनगटाच्या वर येणाऱ्या लांब भागावर, वीज वाहून नेणारं धातूच्या धाग्यांचं कापड असतं, कारण मनगटापर्यंतचा हात लक्ष्यात येतो आणि तिथे लागलेला टच यंत्रावरचा दिवा लावतो. काही ग्लोव्हना हे कापड शिवलेलंच असतं, काहींवर वेगळी बाही चढवतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत सेबरसाठी ८०० न्यूटनचा ग्लोव्ह सक्तीचा आहे. म्हणजे पात्याचा तेवढा जोर झेलूनही कापड फाटता कामा नये. शाळेच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर काय लागतं ते आपल्या प्रशिक्षकांना विचारून घ्या. पण मूल सेबरच खेळणार हे ठरलं असेल तर पहिल्यापासून याच दर्जाचा घ्यावा, असं माझं मत आहे. सेबरमध्ये वार पात्याच्या धारेनेही होतात आणि चुकलेले वार बोटांवर येतात. चेन्नईच्या भवानी देवी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरल्या. भारतातून तलवारबाजीत तिथे पोचलेल्या त्या पहिल्याच, आणि त्या सेबर खेळतात. तेव्हापासून सेबरसाठी येणाऱ्या मुली वाढल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आणखी एक साधी गोष्ट, जी पहिल्यांदा घेणाऱ्याला माहीत नसते: ग्लोव्ह एकच घ्यायचा असतो, जोडी नाही. डावखुऱ्यांनी ऑर्डर देताना 'डाव्या हातात घालायचा' असं स्पष्ट लिहावं. नुसतं 'लेफ्ट' लिहून चुकीचा हात आल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

माप

शिंप्याची टेप घ्या. शस्त्राचा हात सपाट उघडा, बोटं जवळ, अंगठा बाजूला. अंगठा वगळून, बोटांच्या मुळाशी जी हाडं वर येतात त्यांच्यावरून तळव्याभोवती टेप फिरवा. टेप टेकलेली असावी, रुतलेली नको. मग मुलाला अर्धी मूठ वळायला सांगा आणि आकडा किती वाढतो ते बघा. सपाट हाताचं माप लिहा, पण मूठ वळल्यावर फरक फार पडत असेल तर ते शेजारी टिपून ठेवा.

ग्लोव्हचे ६, ७, ८, ९ हे आकडे जुन्या फ्रेंच इंचावरून आलेले आहेत, आणि तो इंच साधारण २.७ सेंटिमीटरचा. म्हणून सेंटिमीटरमधलं माप २.७ ने भागलं की साइज जवळपास मिळते. हात १९ सेंटिमीटर भरला तर ७. साडेएकवीस भरला तर ८. अधलंमधलं उत्तर आलं, म्हणजे साडेसातच्या आसपास, आणि कंपनीकडे अर्ध्या साइज नसतील तर मी लहान साइज सुचवते, कारण वापराने ग्लोव्ह सैलच होतो, घट्ट होत नाही. फक्त बोटं लांब असतील तर हा नियम लावू नका. म्हणूनच दुसरं माप घ्यायचं: मधल्या बोटाच्या टोकापासून तळव्याच्या मुळाशी मनगटाची जी घडी असते तिथपर्यंतची लांबी. घेरावरून एक साइज आली आणि लांबीवरून दुसरी, तर लांबीकडे झुका. आखूड बोटांचा ग्लोव्ह अंगठ्याच्या बेचक्यात ओढतो आणि तिथलीच शिवण पहिली उसवते.

प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो. जर्मनीच्या ऑलस्टार आणि ऊलमान, इंग्लंडची लिऑन पॉल, हंगेरीची पीबीटी ही नावं तुम्हाला सगळीकडे ऐकू येतील. नावावर जाऊ नका, त्या त्या कंपनीचा तक्ता उघडा आणि सेंटिमीटर ताडून बघा.

माप कधी घ्यायचं हेही महत्त्वाचं आहे. सराव संपल्यावर, हात गरम असताना घ्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी सहाला पारा बरेचदा दहाच्या खाली असतो. तेव्हा बोटं आखडलेली असतात आणि माप कमी येतं. त्या मापाने मागवलेला ग्लोव्ह एप्रिलमध्ये चावतो.

हातात घालून बघताना

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि बहुतेक लोक तो दोन मिनिटांत उरकतात. ग्लोव्ह घालतात, मूठ वळून बघतात, 'बसला' म्हणतात. रिकाम्या हाताला जवळजवळ कुठलाही ग्लोव्ह बसतो. स्वतःचं शस्त्र बरोबर घ्या, स्वतःचं हँडल. उधारीचं नको.

आधी शस्त्राशिवाय बघा. बोटांची टोकं चिमटीत धरा. कापडाच्या टोकाशी बोट टेकलेलं असावं, पण नख दाबलं जाऊ नये. अंगठ्याच्या बेचक्यात कापड ताणलेलं किंवा लोंबतं नसावं. तळवा पूर्ण उघडल्यावर कापड थोडं ताणलं गेलं तर हरकत नाही, उलट ते चांगलं लक्षण आहे, कारण खेळताना हात कधीच पूर्ण उघडा नसतो. आता शस्त्र धरा आणि तळव्याकडे बघा. सुरकुत्या कुठे पडतात? करंगळीच्या बाजूला एक-दोन सुरकुत्या चालतील. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, जिथे हँडल टेकतं, तिथे घडी पडत असेल तर तो ग्लोव्ह परत करा. त्या घडीने महिन्याभरात फोड येतो.

आता खरी चाचणी. शस्त्र ऑन गार्ड, म्हणजे खेळ सुरू करायच्या पवित्र्यात, धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी पातं गार्डच्या पुढे धरून हलकेच पिळायला सांगा, बाटलीचं झाकण फिरवतात तसं. काहीतरी सरकणार. काय सरकतं ते नीट जाणून घ्या. हँडल ग्लोव्हच्या तळव्यावर फिरलं, की ग्लोव्ह तुमच्या कातडीवर फिरला? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि हाताला म्हणाल तर 'सटकतंय' एवढंच कळतं. पण दोष दोन वेगळे आहेत. हँडल फिरत असेल तर तळव्याचं कापड बदलायला हवं, माप ठीक आहे. ग्लोव्ह हातावर फिरत असेल तर जगातला सगळ्यात चिकट तळवाही उपयोगाचा नाही, माप किंवा अस्तर चुकलं आहे.

हे मला फार उशिरा कळलं. राज्य पातळीच्या एका स्पर्धेत, पावसाळ्यात, पूलच्या, म्हणजे पहिल्या गटफेरीतल्या, ५ टचेसच्या बाऊट मी व्यवस्थित काढल्या. पुढे १५ टचेसच्या बाऊटमध्ये तिसऱ्या डावात फॉइल हातातून सुटलं. एकदा नाही, दोनदा. त्या आधी सहा महिने मी हँडलवर निरनिराळ्या टेप गुंडाळत होते, तळव्याला राळ लावत होते, हाताची ताकद वाढवायचा व्यायाम करत होते. माझ्या सरांनी बाऊट संपल्यावर ग्लोव्ह मागितला आणि उलटा केला. आतलं अस्तर अंगठ्याच्या शिवणीपासून सुटलेलं होतं आणि घामाने ओलं होऊन आतल्या आत फिरत होतं. बाहेरून ग्लोव्ह धडधाकट दिसत होता. सहा महिने मी चुकीच्या दोषावर उपाय करत होते. म्हणून सांगते, घेताना आणि नंतरही महिन्यातून एकदा ग्लोव्ह उलटा करून बघा. शक्यतो अस्तर नसलेला किंवा अस्तर पूर्ण चिकटवलेला घ्या. सुटं अस्तर नको.

पिळण्याची चाचणी झाली की टोकाची. भिंतीवर पाच रुपयांच्या नाण्याएवढं वर्तुळ पेन्सिलीने काढा. एका हाताच्या अंतरावरून टोक त्या वर्तुळाच्या कडेने फिरवा, फक्त अंगठा आणि तर्जनीने. वीस फेऱ्या एका दिशेने, वीस उलट्या. मग मागची तीन बोटं जरा सोडा आणि शस्त्र दोन बोटांवर राहतं का बघा. ज्या ग्लोव्हमध्ये वर्तुळ लहान आणि गोल राहतं तो तुमचा. दोन ग्लोव्हमध्ये मन अडकलं असेल तर मी डोळे मिटायला सांगते आणि हँडलवरची एखादी खाच किंवा टेपची कड अंगठ्याने शोधायला लावते. जिच्यातून ती लवकर सापडते ती तळव्याची जाडी बरोबर.

शेवटी पंधरा मिनिटं फूटवर्क करून हात घामेजला की पिळण्याची चाचणी पुन्हा करा. कोरड्या हातावर पास झालेले निम्मे ग्लोव्ह इथे उघडे पडतात.

तळवा कशाचा असावा

चामड्याचा तळवा हाताची ठेवण घेतो आणि काही आठवड्यांत अगदी स्वतःचा वाटू लागतो. कोरड्या हवेत त्याच्यासारखी पकड मिळत नाही. पण घाम प्यायलेलं चामडं वाळताना कडक होतं, आणि ते उन्हात वाळवलं तर पापडासारखं. कृत्रिम स्वेडचा तळवा धुता येतो, लवकर वाळतो, मापात फारसा बदलत नाही, मात्र चामड्याइतका टिकत नाही. तिसरा प्रकार म्हणजे सिलिकॉन किंवा रबराचे ठिपके अथवा पट्टे असलेला तळवा. नवा असताना पकड फार छान, पण धूळ बसली की ते ठिपके गुळगुळीत होतात आणि ओल्या फडक्याने रोज पुसावे लागतात.

नाशिकच्या हवेचा विचार केला तर मी वाढत्या मुलांना धुता येणारा कृत्रिम स्वेडच सुचवते. त्यांना तो तसाही वर्षभरात बदलावा लागणार. हाताची वाढ थांबलेल्या, नियमित स्पर्धा खेळणाऱ्यांनी दोन ठेवावेत: ऑक्टोबर ते मे चामड्याचा, आणि पावसाळ्यात धुण्याचा. हाताला फार घाम येणाऱ्यांनी चामड्याच्या वाटेला जाऊच नये.

कापड कुठलंही असो, झिजण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: अंगठ्याचं पेर, तर्जनीची अंगठ्याकडची कड, आणि तळव्याच्या मुळाशी करंगळीच्या बाजूचा उंचवटा. या तीन ठिकाणी दुहेरी थर किंवा वेगळा तुकडा शिवलेला असेल तर तो ग्लोव्ह जास्त चालेल. शिवण मात्र तर्जनीच्या पोटावर येता कामा नये. शिवण बोटांच्या मधल्या फटीत किंवा पाठीकडे हवी.

कफ

इथे सोय नंतर, सुरक्षा आधी. नियम असा आहे की कफाने शस्त्राच्या हाताचा, कोपर ते मनगट या भागाचा, साधारण अर्धा भाग झाकलेला असला पाहिजे, आणि तो जॅकेटच्या बाहीच्या वरून यायला हवा. कारण एकच: समोरच्याचं टोक बाहीत शिरू नये. म्हणून हात पूर्ण ताणून, लंजमध्ये, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून वार करायच्या पवित्र्यात, जाऊन कफ बघा. उभं असताना पुरणारा कफ लंजमध्ये वर सरकतो आणि मनगटाशी फट पडते. कफ घंटेसारखा पसरट असेल तर इलॅस्टिक किंवा व्हेलक्रोने तो आवळता आला पाहिजे. पण मनगटाच्या घडीवरच पट्टी आवळणारा ग्लोव्ह मला आवडत नाही. मनगट मोकळं हवं, आवळायचं ते त्याच्या वर.

बॉडी वायर बाहीतून येऊन कफातून बाहेर निघते, त्यासाठी आतल्या बाजूला फट किंवा व्हेलक्रोचं तोंड असतं. ईपीचा तीन पिनांचा प्लग जाड असतो. तो मुलाला एकट्याने ओढून काढता येतो का ते बघून घ्या. पिस्टवर, म्हणजे खेळायच्या पट्ट्यावर, पालकांना जाता येत नाही. सेबरमध्ये कफावरचं धातूचं कापड लामे जॅकेटच्या (धातूच्या धाग्यांच्या वरच्या जॅकेटच्या) बाहीला हात कसाही फिरवला तरी टेकलेलं राहायला हवं, नाहीतर लागलेला टच दिव्यावर दिसत नाही.

हँडलचाही विचार करा

ग्लोव्ह जाड झाला की तेच हँडल हाताला मोठं वाटतं. पिस्तूल ग्रिप, म्हणजे बोटांच्या ठेवणीची मूठ, लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळते, आणि लहान मुलांना बरेचदा मोठी ग्रिप दिलेली असते. पकड जमत नसेल तर नवा ग्लोव्ह घेण्याआधी एक माप लहान ग्रिप लावून बघा. सरळ दांड्याच्या फ्रेंच ग्रिपवर टेनिसच्या रॅकेटची पातळ टेप एका थरात गुंडाळली तर चालते, दोन थर नकोत.

नाशिकमध्ये घ्यायचा कसा

मेन रोड, कॉलेज रोडच्या खेळाच्या दुकानांत क्रिकेटचे, बॅडमिंटनचे सगळे प्रकार भरलेले असतात, तलवारबाजीचा ग्लोव्ह हातात घालून बघायला मिळणं कठीण. विकेटकीपिंगचे आतले हातमोजे, बाइकचे हातमोजे हा पर्याय नाही. त्यांना कफ नसतो, त्यामुळे बाही उघडी राहते. त्यावर बाऊट खेळू देऊ नये.

मग करायचं असं. हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा कुठेही स्पर्धा असली की आपल्या शस्त्राच्या, आपल्याएवढ्या हाताच्या खेळाडूंना विचारा आणि त्यांचा ग्लोव्ह पाच मिनिटं घालून बघा. नम्रपणे विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. मोठ्या स्पर्धांना साहित्य विकणारे टेबल मांडून बसतात, तिथे शस्त्र घेऊनच जा. ऑनलाइन मागवायचा तर दोन-चार घरांनी मिळून मागवा आणि लागून असलेल्या दोन साइज मागवा. ज्याला जो बसेल तो त्याने ठेवायचा. परत घेण्याची अट आधी वाचा, आणि ग्लोव्ह आल्यावर घामाची सोडून बाकी चाचण्या घरात, स्वच्छ कोरड्या हाताने करा, म्हणजे परत करायची वेळ आली तर तो कोरा राहतो.

सामायिक ग्लोव्ह पहिल्या महिन्यापुरता ठीक आहे. त्यानंतर स्वतःचाच हवा. पाच जणांचा घाम प्यायलेल्या ग्लोव्हमधून बोटांच्या बेचक्यात खरूज-नायटा आलेली मुलं मी पाहिली आहेत.

पहिले पंधरा दिवस

नवा ग्लोव्ह थेट स्पर्धेला नेऊ नका. चार-पाच दिवस घरी टीव्ही बघताना घालून हँडल नुसतं फिरवत बसा. मग टार्गेटवरचा सराव, मग जोडीदाराबरोबर, मग बाऊट. ग्लोव्ह घालण्याआधी हात साबणाने धुवा. रविवारी डोक्याला तेल लावून तोच हात ग्लोव्हमध्ये घातला की ते तेल आतून तळव्यात उतरतं आणि पुन्हा निघत नाही. क्रीमचंही तसंच. टाल्कम पावडर आत टाकायची सवय असेल तर सोडा, ती बाहेर झिरपून हँडल गुळगुळीत करते. घामासाठी आतून सुती मोजा घालणं मी सुचवत नाही, ग्लोव्ह हातावर फिरायला तेवढंच निमित्त पुरतं.

पावसाळा

गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की आमच्याकडे ग्लोव्हच्या तक्रारी सुरू होतात. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मग बॅगेत कोंबलेला ग्लोव्ह कुठून वाळणार? दुसऱ्या दिवशी वास, चौथ्या दिवशी बोटांच्या टोकांत काळे ठिपके.

सराव संपला की ग्लोव्ह जॅकेटमध्ये गुंडाळू नका. बॅगेच्या बाहेरच्या बाजूला, कफ उघडून, हुकाने अडकवून घरी न्या. घरी गेल्यावर कालच्या पेपरचे लहान लहान बोळे करून प्रत्येक बोटात एक, अंगठ्यात एक आणि तळव्यात दोन भरा. अर्ध्या तासाने ओले बोळे काढून कोरडे भरा. मग पंख्याखाली, बोटं वर आणि कफ खाली, असा ठेवा, म्हणजे ओल उतरते. सकाळी बोळे काढले की ग्लोव्हचा आकारही शाबूत असतो. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या फेकू नका, कोरड्या झालेल्या ग्लोव्हबरोबर बॅगेत ठेवा.

गॅसजवळ, गीझरवर, हेअर ड्रायरने, एप्रिलच्या गच्चीवर, कुठेही चटका देऊन वाळवायचं नाही. चामडं तडकतं, सिलिकॉनचे ठिपके सुटतात.

धुण्याचा ग्लोव्ह आठ-दहा दिवसांतून एकदा, हातात घालूनच धुवावा. कोमट नव्हे, गार पाणी, थोडा सौम्य शॅम्पू, आणि दुसऱ्या हाताने तळवा हळू चोळायचा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो तळव्यावर थर धरतो. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं. चामड्याचा असेल तर भिजवू नका, ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा. वाळून कडक झाला तर बोटांनी चोळून, मूठ उघडमीट करून सैल करा. बुटाचं पॉलिश किंवा तेल लावून मऊ करायला जाल तर हँडल हातात राहणार नाही.

सेबरच्या कफाची काळजी वेगळी. घामातल्या मिठाने धातूचे धागे गंजतात, हिरवट डाग पडतात आणि ती जागा मरते. प्रत्येक सरावानंतर कफ स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा, घडी न घालता टांगा. घरात मल्टिमीटर असेल तर स्पर्धेच्या आधी कफाच्या दोन टोकांवर लावून बघा. रीडिंग ५ ओमच्या आत असलं की काळजी नको.

दुरुस्ती, आणि बदलायची वेळ

बोटाच्या बाजूची शिवण उसवली तर ती लगेच शिवून घ्यावी. मी शालिमारजवळ चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी ग्लोव्ह स्वतःच्या हातात घातला, मूठ वळली आणि विचारलं, "ताई, यात काय धरता?" मी बॅगेतून सुटी पिस्तूल ग्रिप काढून दाखवली. त्यांनी ती धरून, कुठे दाब येतो ते बोटाने चाचपून, गाठ पाठीकडच्या बाजूला मारली. तेव्हापासून मी दुरुस्तीला ग्रिप बरोबरच नेते. तळव्याच्या झिजलेल्या जागी ते पातळ स्वेडचा तुकडाही लावून देतात, आणि सरावाच्या ग्लोव्हला तो चांगला चालतो.

भोक मात्र शिवायचं नाही. हाताच्या पाठीवर, बोटांवर किंवा कफावर पात्याचं टोक आत जाईल एवढं भोक पडलं तर तो ग्लोव्ह त्या क्षणी बाद. सेबरच्या ८०० न्यूटनच्या ग्लोव्हला तर सुईही लावू नका, त्याचं कापड आणि शिवण मिळूनच तो जोर झेलतात. स्पर्धेच्या तपासणीत असा ग्लोव्ह अडवला तर अधिकाऱ्यांशी वाद घालू नका.

मुलांच्या बाबतीत दर तीन महिन्यांनी, परीक्षा-दिवाळी-नाताळ अशी कुठलीही खूण धरून, तर्जनीचं टोक चिमटीत पकडा आणि हात पुन्हा टेपने मोजा. नख दाबलं जायला लागलं की नवा मागवा. जुना चांगल्या स्थितीत असेल तर धुऊन, वाळवून, आत साइज आणि हात पेनाने लिहून हॉलवर आणून द्या. जूनमध्ये येणाऱ्या एखाद्या लहान हाताला तो मापाचा होतो.